नांगरापाशी न थांबलेला कारखानदार

भरभराटीत असलेल्या कारखान्याला मोठा धोका असतो तो त्याच्याच खपणाऱ्या मालाचा. माल खपतो आहे तोवर नवे काही करावेसे वाटत नाही, आणि खप थांबल्यावर नवे करण्याइतके भांडवल हाती उरत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे (१८६९–१९५६) चरित्र या दृष्टीने पुन्हा पाहण्याजोगे आहे.

चित्रकार होण्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, परंतु रंग नीट ओळखता येत नसल्यामुळे यंत्रांच्या आरेखनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. तेथे बढतीत डावलले जाताच त्यांनी नोकरीवर पाणी सोडले. (या धाडसाचे मोल नोकरदार वाचकांना वेगळे सांगावयास नको.) बेळगावात बंधू रामूअण्णांसह चालविलेला सायकलींचा धंदा हा त्यांचा पहिला आधार. पण तेवढ्यावर समाधान न मानता त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र काढले, आणि पाठोपाठ लोखंडी नांगर.

लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. नांगर कित्येक दिवस पडून राहिले. अशा वेळी सायकलींकडे परतणे व्यवहारी ठरले असते. लक्ष्मणरावांनी मात्र शेतकऱ्याची शंका फिटेपर्यंत दम धरला. पुढे बेळगावातील जागा सोडणे भाग पडले, तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आश्रय दिला आणि १९१० साली कुंडल रोड स्थानकाजवळच्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली.

येथून पुढचा भाग अधिक महत्त्वाचा. नांगराने नाव झाले होते. तरी त्याच कारखान्यात उसाचे चरक, भुईमूग फोडण्याची यंत्रे आणि १९२६ च्या सुमारास पाण्याचे पंप तयार होऊ लागले. माल बदलत गेला, गिऱ्हाईक मात्र बव्हंशी तेच राहिले. शेतकऱ्याची एक अडचण सुटली की तिच्यामागची दुसरी दिसे, आणि कारखान्याला पुढचे काम मिळे. विहिरीवर पंप बसला की तो चालविण्यास इंजिन हवे, हे ओघानेच आले. केवळ नांगराच्या लौकिकावर विसंबलेल्या कारखान्याने ट्रॅक्टर शिवारात आल्यावर काय केले असते?

इंजिनांचा कारखाना १९४६ साली पुण्यात निघाला, विजेच्या मोटारींचा त्याच वर्षी बंगळूरला. त्याआधी १९४१ मध्ये हरिहरला यंत्रे बनविणारी यंत्रे होऊ लागली होती. ही कामे पुढच्या पिढीने किर्लोस्करवाडीबाहेर उभारली, आणि ती पाहण्यास लक्ष्मणराव हयात होते.