विस्मृतीचे मोजमाप

कापड गजाने मोजता येते, धान्य मापाने मोजता येते. परंतु काल मुखोद्गत केलेल्या पाठापैकी आज मनात किती उरले, हे कोणत्या मापाने मोजावे? एकोणिसाव्या शतकातील बहुतेक विद्वानांच्या मते हे अशक्यच होते. डोळे, कान, त्वचा यांना होणाऱ्या संवेदनांवर प्रयोग करता येतील, पण स्मृतीसारखा सूक्ष्म व्यापार प्रयोगाच्या चिमटीत सापडणार नाही, असे ते मानीत. हा समज ज्यांनी दूर केला, ते हेर्मान एबिंगहाउस होत.

त्यांचा जन्म २४ जानेवारी १८५० रोजी जर्मनीतील बार्मेन या शहरी एका व्यापाऱ्याच्या घरी झाला. वयाच्या सतराव्या वर्षी ते बॉन विद्यापीठात दाखल झाले. १८७० साली फ्रान्सशी युद्ध जुंपले, तेव्हा शिक्षण थांबवून त्यांना सैन्यात जावे लागले. परत आल्यावर १८७३ साली त्यांनी तत्त्वज्ञानात डॉक्टर ही पदवी मिळविली व पुढील काही वर्षे इंग्लंड व फ्रान्स या देशांत शिकवण्या करून काढली. याच काळात जुन्या पुस्तकांच्या एका दुकानात फेश्नर या शास्त्रज्ञाचा ग्रंथ त्यांच्या हाती लागला. संवेदनांना गणिताचे नियम लावण्याचा प्रयत्न त्यात केलेला होता. संवेदना मोजता येत असेल तर स्मृती का मोजता येऊ नये, या विचाराने एबिंगहाउस यांना झपाटले.

१८७९ साली त्यांनी प्रयोगास आरंभ केला. जवळ ना प्रयोगशाळा, ना मार्गदर्शक गुरू. ज्याच्यावर प्रयोग करावयाचा, तो मनुष्यही ते स्वतःच!

पहिली अडचण पाठांतराच्या मजकुराची होती. कविता घ्यावी तर एक ओळ गोड म्हणून चटकन लक्षात राहते, तर दुसरी जुन्या आठवणींना चिकटते. मग जे मोजले ते स्मृतीचे बळ की कवितेची गोडी, हे कसे ठरवावे? म्हणून त्यांनी दोन व्यंजनांमध्ये एक स्वर घालून सुमारे २३०० निरर्थक अक्षरसमूह तयार केले. मराठीत सांगावयाचे तर ‘गीप’, ‘तोझ’ यांसारखे. ते मिसळून त्यांतून वाटेल तसे उचलायचे आणि त्यांच्या माला करायच्या. प्रत्येक समूह ठरावीक ठेक्यावर, मिनिटास १५० या गतीने वाचायचा. लक्षात ठेवण्यासाठी कोणतीही युक्ती योजायची नाही, हा स्वतःस घातलेला दंडक. दिवसाच्या वेळेनुसार पाठांतराचा वेग बदलतो असे दिसताच त्यांनी त्याचाही हिशेब ठेवला. आपली दिनचर्याही ते शक्य तितकी एकसारखी ठेवीत.

विसरणे मोजण्याची त्यांची युक्ती तर फारच मार्मिक होती. माला पाठ होण्यास प्रथम १००० सेकंद लागले आणि काही दिवसांनी तीच पुन्हा पाठ करण्यास ६०० सेकंद लागले, तर ४०० सेकंदांची, म्हणजे शेकडा ४० बचत झाली. मालेतील एकही अक्षर आठवत नसले, तरी मनात दडून राहिलेला अंश या बचतीवरून उघड होई.

तेरा-तेरा समूहांच्या आठ माला पाठ करायच्या, ठरलेला अवधी जाऊ द्यायचा आणि पुन्हा त्याच पाठ करायच्या, अशा १६३ कसोट्या त्यांनी घेतल्या. या कंटाळवाण्या कामाची कल्पना स्वतः केल्याखेरीज येणार नाही. वीस मिनिटांनी बचत शेकडा ५८ होती. एका तासाने ४४, एका दिवसाने सुमारे ३४ आणि एकतीस दिवसांनीही २१ उरली. म्हणजे विसरणे आरंभी झपाट्याने होते व पुढे मंदावत जाते. बायरन या इंग्रज कवीच्या कवितेची कडवीही त्यांनी पाठ करून पाहिली. तेवढ्याच लांबीच्या निरर्थक मजकुराच्या मानाने त्यांना सुमारे एकदशांश श्रम पुरले.

एक धोका मात्र त्यांना सतत डाचत होता. प्रयोग करणारा व करवून घेणारा एकच असल्यावर मनातील अपेक्षा नकळत उत्तरात शिरू शकते. आपल्या ग्रंथात त्यांनी या धोक्याची उघड चर्चा केली. शिवाय पहिले आकडे हाती येताच ते छापून मोकळे झाले नाहीत. १८८३-८४ मध्ये त्यांनी प्रयोगांचा बराच भाग पुन्हा केला आणि नंतरच, १८८५ साली, स्मृतीवरील ग्रंथ प्रसिद्ध केला.

पुढे ब्रेस्लाउ येथे प्राध्यापक असताना, सकाळच्या लांबलचक शाळेने मुले किती थकतात, हा प्रश्न त्यांच्यापुढे आला. त्यासाठी त्यांनी १८९७ साली गाळलेले शब्द भरण्याची कसोटी तयार केली. रिकाम्या जागा भरा, हा प्रश्न आज कोणत्या विद्यार्थ्यास ठाऊक नाही?

२६ फेब्रुवारी १९०९ रोजी हाले येथे फुप्फुसदाहाने त्यांचे निधन झाले. त्यांच्या प्रयोगानंतर शतकाहून अधिक काळ लोटल्यावर ॲम्स्टरडॅम येथील संशोधकांनी तो पुन्हा करून पाहिला. त्यासाठी एका व्यक्तीने सुमारे सत्तर तास माला पाठ केल्या. २०१५ साली प्रसिद्ध झालेली त्यांची विस्मृतीची रेषा एबिंगहाउस यांच्या रेषेशी बहुतांशी जुळली.