लोहाराचा मुलगा : मायकेल फॅरेडे

विद्यार्थी मित्रांनो, पातूरचा उन्हाळा तुम्हांला ठाऊक आहे. पंखा मंद फिरू लागला, की वायरमन त्याचा कंडेन्सर बदलतो. कंडेन्सर विद्युतभार साठवतो. त्यावर लिहिलेला आकडा मायक्रोफॅरडमध्ये असतो. फॅरड हे नाव कोणाचे, हे तुम्हांला माहीत आहे का? ते एका गरीब लोहाराच्या मुलाचे आहे.

मायकेल फॅरेडे यांचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनजवळ झाला. वडील वारंवार आजारी पडत, त्यामुळे घरात नेहमी टंचाई असे. मायकेलला लिहिणे, वाचणे आणि साधा हिशेब एवढेच शाळेत शिकता आले. तेराव्या वर्षी तो एका पुस्तकविक्रेत्याकडे कामाला लागला. तेथे तो सात वर्षे पुस्तकबांधणी शिकला. बांधायला आलेली पुस्तके तो वाचूनही काढी. विश्वकोशातील विजेवरचा लेख वाचून तो स्वस्तात मिळणाऱ्या वस्तूंनी प्रयोग करू लागला.

१८१२ साली एका गिऱ्हाइकाने त्याला सर हंफ्री डेव्ही यांच्या व्याख्यानांची तिकिटे दिली. मायकेलने व्याख्याने लक्षपूर्वक ऐकली, टिपणे काढली, त्यांचे पुस्तक बांधले आणि डेव्हींकडे पाठवून काम मागितले. डेव्हींनी प्रथम त्याला आपला धंदा न सोडण्याचा सल्ला दिला. पण मार्च १८१३ मध्ये त्यांनी त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये साहाय्यक म्हणून घेतले.

१८३१ साली फॅरेडे यांनी तारेचे वेटोळे आणि लोहचुंबक यांच्या हालचालीतून वीज निर्माण केली. तुमच्या जिल्ह्यातील पारसच्या वीजकेंद्रात आजही याच तत्त्वावर वीज तयार होते.

त्या काळी पुष्कळ विद्वानांना वाटे, की दोन विद्युतभारांच्या मध्ये असलेल्या पदार्थाला काही महत्त्व नाही. फॅरेडे यांना ते पटेना. १८३७ साली त्यांनी दोन सारखी पितळी उपकरणे घेतली. प्रत्येकात एका पोकळ गोळ्याच्या आत दुसरा लहान गोळा होता. एकाच्या मधल्या जागेत हवा ठेवली, दुसऱ्यात शुद्ध केलेली लाख भरली. होय, पळसासारख्या झाडांवर किडे तयार करतात आणि जिच्या बांगड्या बनतात, तीच लाख! मग एका उपकरणाला विद्युतभार देऊन तो दोघांत वाटू दिला. वाटणी सारखी झाली नाही. लाख भरलेल्या उपकरणाने मोठा वाटा घेतला. लाखेतून वीज वाहत नव्हती, तरी तिच्यामुळे भार साठवण्याची क्षमता वाढली होती. अशा पदार्थांना त्यांनी डायइलेक्ट्रिक म्हटले. मराठीत त्यांना पराविद्युत पदार्थ म्हणतात.

फॅरेडे यांना उच्च गणित येत नव्हते, म्हणून अनेक गणितज्ञांनी त्यांच्या विचारांकडे दुर्लक्ष केले. ते प्रयोग करीतच राहिले. पुढे मॅक्सवेल यांनी तेच विचार गणितात मांडले.

१८५७ साली फॅरेडे यांनी सोन्याचे अतिसूक्ष्म कण असलेला लाल द्रव तयार केला. सोने पिवळे असते, पण त्याचे कण फार बारीक झाले की रंग बदलतो, हे त्यांनी दाखवले. पदार्थ बारीक केला की त्याचे गुण बदलतात, हा मोठा धडा होता.

आज हे दोन्ही धडे एकत्र आले आहेत. मीटरच्या अब्जाव्या भागाला नॅनोमीटर म्हणतात. १९९४ साली टी. जे. लुइस या शास्त्रज्ञांनी नॅनोमीटर मापाच्या पराविद्युत पदार्थांचा विचार मांडला. तेव्हापासून संशोधक प्लॅस्टिकमध्ये बेरियम टायटॅनेटसारख्या पदार्थांचे असे कण मिसळून पाहत आहेत. कण जितके बारीक, तितका त्यांचा एकूण पृष्ठभाग मोठा. म्हणून थोडी भुकटीही प्लॅस्टिकचे गुण बदलू शकते. लहान कंडेन्सरात अधिक भार साठावा, हा त्यामागचा हेतू. पण बेसनात पाणी घालताना होतात तशा गुठळ्या झाल्या, तर तेथेच प्लॅस्टिक विजेपुढे हार खाते. कण सारखे पसरवणे, हेच खरे अवघड काम आहे.

फॅरेडे यांनी सर ही पदवी घेतली नाही. रॉयल सोसायटीचे अध्यक्षपदही नाकारले. अखेरच्या वर्षांत त्यांची स्मरणशक्ती क्षीण झाली. २५ ऑगस्ट १८६७ रोजी त्यांचे निधन झाले.

मित्रांनो, शाळा लवकर सुटली, तरी या मुलाने शिकणे सोडले नाही. मोठ्यांचे मतही प्रयोगाने पारखून घ्यावे, हे त्याने जगाला दाखवले. तुमच्या हाती तर शाळाही आहे आणि पुस्तकेही!