मायफळाची शाई

मैत्रिणींनो, बाळगुटीसाठी मायफळ तुमच्यापैकी बहुतेकींनी सहाणेवर उगाळलं असेल. याच मायफळाची शाई युरोपात शेकडो वर्षं वापरली जात होती, हे मला गेल्या उन्हाळ्यात कळलं. त्या शाईचा माग काढता काढता मी पोचले सहाशे वर्षांपूर्वीच्या पॅरिसमध्ये, क्रिस्तिन द पिझानच्या घरी.

क्रिस्तिनचा जन्म १३६४ सालचा, व्हेनिसचा. वडील वैद्य आणि ज्योतिषी. फ्रान्सचा राजा पाचवा चार्ल्स याने त्यांना दरबारी बोलावलं आणि ही लहानगी पॅरिसला आली. वडिलांना लेकीच्या शिकण्याचं कौतुक, तर आईला वाटे, पोरीने सूत कातावं. पंधराव्या वर्षी लग्न झालं. नवरा एतिएन राजाच्या कचेरीत चिटणीस होता. संसार सुखाचा होता. पण १३८० मध्ये राजा वारला, वडिलांची आवक घटली, पुढे तेही गेले. १३९० च्या सुमारास साथीत नवराही गेला. क्रिस्तिन तेव्हा पंचविशीची. पदरात तीन मुलं, शिवाय आई आणि एक भाची. नवऱ्याचं येणं वसूल करायला कोर्टाचे खेटे घालण्यात वर्षांमागून वर्षं गेली.

इथं मला माझी आत्या आठवली. तीही अशीच ऐन तारुण्यात एकटी पडली. लोकांच्या साड्यांवर भरतकाम करून तिने दोन मुलं वाढवली. तिची नक्षी गावभर मिरवली, पण ती कुणाची, हे कुणी विचारलं नाही.

क्रिस्तिनने लेखणी धरली. आधी विरहाच्या कविता, मग प्रेमाच्या, मग नीती, इतिहास, राज्यकारभार. छापखाना युरोपात अजून यायचा होता. पुस्तक म्हणजे हाताने घडवलेली वस्तू. वासराचं नाहीतर मेंढीचं कातडं चुन्यात भिजवायचं, चौकटीवर ताणायचं, खरवडून पातळ करायचं. त्यावर रेघा आखायच्या आणि हंसाच्या पिसाने लिहायचं. नंतर सोनं, आणि सोन्यानंतर रंग. लाल रंग हिंगुळाचा, तर उंची निळा अफगाणिस्तानातून आलेल्या लाजवर्द दगडाचा. क्रिस्तिन नुसती लिहून थांबली नाही. कारागिरांकडून पोथ्या करून घेण्यावर तिची स्वतःची देखरेख असे. काही पोथ्यांत तर अक्षरही तिचंच आहे, असं अभ्यासक सांगतात. अशा पोथ्या राजघराण्यात नजर करायच्या, मिळेल त्या बिदागीवर घर चालवायचं. लेखणीवर पोट भरणारी युरोपातली पहिली स्त्री म्हणून तिचं नाव घेतात ते उगीच नाही.

हे वाचून मलाही एक पान करून बघायची हुक्की आली. काष्ठौषधीच्या दुकानातून मायफळ, हिराकस, डिंक आणि सोन्याचा वर्ख आणला. कुटलेलं मायफळ भिजवून गाळलं, हिराकस पडताच पाणी काळं झालं. कातड्याऐवजी हातकागद घेतला. आणि खरं सांगू? पहिलं पान पार फसलं. मी आधी रंग भरले, मग सोनं लावायला गेले. डिंकाच्या रंगाला वर्ख जिथं तिथं चिकटून बसला! सोनं आधी का, ते तेव्हा कळलं. दुसऱ्या खेपेला एका अक्षराभोवतीची वेल पुरी करायला चार संध्याकाळी लागल्या. मान अवघडली. अशी शेकडो पानं ज्यांनी केली, त्यांची नावं मात्र बहुतेक हरवलीत.

म्हणूनच क्रिस्तिनची एक गोष्ट मला फार मोठी वाटते. बायकांना नावं ठेवणाऱ्या विद्वानांना उत्तर म्हणून १४०५ मध्ये तिने स्त्रियांच्या नगरीचा ग्रंथ लिहिला. त्यात तिने अनास्तासिया नावाच्या चित्रकार बाईचा आवर्जून उल्लेख केलाय. पानांच्या कडांची नक्षी काढण्यात पॅरिसमध्ये तिच्या तोडीचं कुणी नाही, आणि तिने आपल्यासाठीही काम केलंय, असं ती सांगते. अनास्तासियाचं म्हणून खात्रीने दाखवता येईल असं एकही पान आज नाही. पण नाव उरलं, कारण एका बाईने ते लिहून ठेवलं.

पुढे तिने राणी इझाबोसाठी आपल्या लेखनाची एक भलीमोठी पोथी करवून घेतली. ती आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. पहिल्या चित्रात निळ्या पोशाखातली क्रिस्तिन गुडघे टेकून राणीला लाल बांधणीचा ग्रंथ देतेय. १४१८ मध्ये पॅरिसमध्ये कत्तल माजली, तेव्हा तिने मठाचा आसरा घेतला. १४२९ मध्ये जोन ऑफ आर्कच्या विजयावर कविता लिहिली आणि त्यानंतर लवकरच ती गेली असावी.

माझं दुसरं पान आता चौकटीत घालून भिंतीवर लावलंय. वेलीची नक्षी आत्याच्या एका जुन्या साडीवरून घेतली. खाली कोपऱ्यात मायफळाच्या शाईने तिचं नाव लिहिलं. लिहिताना अक्षर फिकट होतं, वाळता वाळता काळंभोर झालं.

तुमच्याही घरी कुणाच्या हातची गोधडी, रुमाल, तोरण असेल. एकदा उलटून, मागे नाव लिहून ठेवा.