दवाखान्यात फळं घेऊन जाणाऱ्या रमाबाई

रमाबाई रानडे म्हटलं की आपल्यातल्या पुष्कळजणींना २०१२ मधली ‘उंच माझा झोका’ ही मालिका आठवते. नऊवारीतली चिमुकली रमा, रात्री दिव्याच्या उजेडात चाललेला अभ्यास, घरातल्या बायकांचे टोमणे. मालिका छानच होती. पण मैत्रिणींनो, मला त्या छोट्या रमेपेक्षा चाळिशीच्या पुढच्या रमाबाई जास्त जवळच्या वाटतात. नवरा गेलेला, पोटी मूल नाही, आणि ही बाई दवाखान्यात अनोळखी रोग्यांच्या खाटेपाशी जाऊन बसते आहे. त्या रमाबाईंबद्दल आपण फारसं बोलत नाही.

आधी थोडी मागची हकीकत सांगते. २५ जानेवारी १८६२ रोजी देवराष्ट्रे गावात कुर्लेकरांच्या घरी त्यांचा जन्म झाला. हे गाव आता सांगली जिल्ह्यात येतं. माहेरचं नाव यमुना. मुलींनी लिहायला-वाचायला शिकायचं नाही, असाच तेव्हाचा रिवाज. १८७३ मध्ये, अकराव्या वर्षी, न्यायमूर्ती महादेव गोविंद रानड्यांशी लग्न झालं. ते तिशी ओलांडलेले, पहिली बायको गेलेली. सुधारकांनी विधवेशी लग्न करावं अशी लोकांची अपेक्षा होती, पण वडिलांच्या हट्टापुढे ते नमले आणि त्याबद्दल त्यांना खूप बोल ऐकावे लागले. त्यांनी बायकोला मात्र पाटी-पेन्सिलीपासून शिकवायला घेतलं. दिवसा घरातल्या मोठ्या बायकांचा जाच आणि रात्री धडे, अशी त्या मुलीची वर्षं गेली. इंग्रजी शिकवायला येणाऱ्या मडमेला शिवली म्हणून आंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही! हे सगळं त्यांनी उलटून न बोलता सोसलं. मला वाटतं, माणसाचं दुखणं तोंडानं न सांगताही ओळखायचं त्या तिथेच शिकल्या असतील.

१८८२ मध्ये पंडिता रमाबाईंनी पुण्यात आर्य महिला समाज काढला, त्यात या होत्या. पुढे रानडे हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले आणि बिऱ्हाड मुंबईला गेलं. १६ जानेवारी १९०१ ला रानडे वारले. रमाबाई तेव्हा अडतीस वर्षांच्या होत्या. त्या पुण्याच्या वाड्यात परत आल्या आणि वर्षभर जवळजवळ कोणात मिसळल्याच नाहीत. एवढ्या मोठ्या माणसाची विधवा, घरात खायला-प्यायला काही कमी नव्हतं. जपमाळ घेऊन बसल्या असत्या तरी कुणी नाव ठेवलं नसतं, उलट कौतुकच केलं असतं.

त्या बसल्या नाहीत. येरवड्याच्या तुरुंगात बायकांच्या विभागात जाऊन कैदी बायकांशी बोलायला, त्यांना चार अक्षरं शिकवायला त्यांनी सुरुवात केली. सुधारगृहातल्या पोरांना भेटून खाऊ देऊ लागल्या. आणि दवाखान्यांत जाऊ लागल्या, रोग्यांसाठी फळं, फुलं, पुस्तकं घेऊन. आज आपल्याला यात विशेष वाटणार नाही. वाढदिवसाला सरकारी दवाखान्यात केळी वाटून फोटो काढणारे पुढारी आपण पाहतोच की! पण त्या काळी बरी घरं दवाखान्याला घाबरायची. तिथे जायचं ते मरायलाच, अशी समजूत. परजातीच्या माणसाचं पाणी, परक्या पुरुषाचा हात, सगळाच विटाळ. तिथे एक ब्राह्मण विधवा आपल्या पायांनी जाते आणि परक्या माणसाची विचारपूस करते, ही साधी गोष्ट नव्हती.

आता हे मला का महत्त्वाचं वाटतं, ते सांगते. आमचं विवळवेढे म्हणजे महालक्ष्मीचं गाव. जवळचा मोठा दवाखाना म्हणजे कासा, नाहीतर डहाणू. पाड्यावरची बाई आजारी लेकराला घेऊन दवाखान्यात येते. तिची भाषा वारली, समोरच्यांची पुस्तकी मराठी, त्यात इंग्रजी शब्द. पुढच्या दवाखान्यात न्या, असा कागद तिच्या हातात मिळतो. पुढे म्हणजे कुठे? गाडी कोण देईल? नवरा वीटभट्टीवर, घरी दुसरी दोन पोरं, कोंबड्या, शेरडं. ती मान डोलावते आणि पोराला घेऊन सरळ घरी जाते. मग म्हणायला आपण मोकळे, की हे लोक अडाणी! अशा वेळी औषधाइतकीच गरज असते ती कुणीतरी शेजारी बसून विचारण्याची. बाई, तुझी अडचण काय? पैशाची, माणसाची, की भीतीची?

हे काम करणारं माणूस दवाखान्यात पगारावर असायला हवं, हे जगाच्याही उशिराच लक्षात आलं. लंडनच्या एका इस्पितळात १८९५ मध्ये अशी पहिली बाई नेमली गेली. आपल्याकडे १९३६ मध्ये मुंबईत टाटांच्या देणगीतून समाजकार्याचं शिक्षण देणारी संस्था निघाली, आणि १९४६ मध्ये जे. जे. रुग्णालयात पहिली नेमणूक झाली. आज सरकारी दवाखान्यांत या पदाला समाजसेवा अधीक्षक म्हणतात. जिल्ह्याच्या किंवा शहरातल्या मोठ्या दवाखान्यात गेलात तर ही खोली कुठे आहे ते जरूर विचारा. रेशनकार्ड, योजनेचे कागद, बेवारस रोगी, घरच्यांनी टाकलेली बाई, हे सगळं त्या टेबलावर येतं. कुपोषित बाळाला भरती केलं तर आईला बुडित मजुरी मिळते, हेही कितीतरी आयांना ठाऊक नसतं. ते सांगणारं माणूस भेटलं तर बाई दवाखान्यात टिकते, नाहीतर दुसऱ्या दिवशी खाट रिकामी.

रमाबाईंकडे यातलं कुठलंच शिक्षण नव्हतं, पदही नव्हतं. पण फळं वाटून भागणार नाही, रोग्याजवळ रोज थांबणारी शिकलेली बाई हवी, हे त्यांना उमगलं, आणि इथेच त्यांचं काम वेगळं ठरतं. १९०८ मध्ये बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी मुंबईत सेवासदन काढलं, तेव्हा त्या अध्यक्ष झाल्या. १९०९ मध्ये पुण्याचं सेवासदन गोपाळ कृष्ण देवधरांच्या साथीनं त्यांच्या स्वतःच्या वाड्यात सुरू झालं. शिवणकाम, शिक्षिकांचं शिक्षण हे लोकांनी चालवून घेतलं. पण नर्सिंग? घरंदाज मुली आणि विधवा परक्या पुरुषांचं अंग पुसणार, रक्त-घाण काढणार, म्हणून गहजब झाला. रमाबाई हटल्या नाहीत. सेवासदनच्या बायका नर्सिंग शिकल्या, त्यांच्यासाठी वेगळी वसतिगृहं निघाली. घरात कोपऱ्यात पडलेल्या कितीतरी बाया कमावत्या झाल्या. आणि दवाखान्यात पहिल्यांदा येणाऱ्या घाबरलेल्या बाईला आपल्या बोलीत बोलणारं कुणीतरी भेटलं.

एकदा सेवासदनच्या बक्षीस समारंभात एक विधवा विद्यार्थिनी बक्षीस घ्यायला पुढे आली, तर गॅलरीतल्या कॉलेजच्या पोरांनी हुर्यो केली. एरवी शांत असणाऱ्या रमाबाई उभ्या राहिल्या आणि त्या पोरांना त्यांनी असं काही झाडलं, की सगळी सभा गप्प झाली. तुमच्या घरातही अशी बहीण, आत्या, मावशी असेल, हे त्यांनी भर सभेत सुनावलं.

आळंदीच्या आषाढी-कार्तिकीला त्या सेवासदनच्या बायकांना घेऊन जायच्या. गर्दीत बाया-बापड्यांचे हाल जास्त, म्हणून त्यांच्या मदतीला या. चैत्र पौर्णिमेला आमच्याकडे महालक्ष्मीची जत्रा भरते, पंधरा दिवस नुसता माणसांचा पूर. उन्हात चक्कर येऊन पडलेली बाई, हरवलेलं पोर, कडेवरचं तान्हं... त्या धामधुमीत मला आळंदीच्या त्या बायकांची हटकून आठवण येते.

पुढे गुजरात-काठेवाडात दुष्काळ पडला तेव्हा तिथेही त्या मदतीला गेल्या. १९१० मध्ये त्यांच्या आठवणींचं पुस्तक निघालं. आपल्या वाचनात ते असायलाच हवं, कुठल्याही ग्रंथालयात मिळेल. पुण्यात सक्तीचं प्राथमिक शिक्षण फक्त मुलग्यांपुरतं ठेवायचा घाट घातला गेला, तेव्हा मुलींसाठी त्या भांडल्या. बायकांच्या मतदानाच्या हक्कासाठीही त्यांनी आघाडी सांभाळली, आणि १९२१ मध्ये मुंबई इलाख्यात तो हक्क मान्य झाला. वय साठीला आलं होतं, पण सेवासदनचं काम सुटलं नाही.

१९२४ च्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या. अकराव्या वर्षी धुळाक्षरं गिरवायला घेतलेल्या या बाईच्या सेवासदनात तेव्हा हजारावर मुली आणि बायका शिकत होत्या. १९६२ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीला सरकारनं पोस्टाचं तिकीट काढलं. पुण्याचं सेवासदन अजूनही सुरू आहे.