लोकशाहीर अण्णा भाऊ साठे

अण्णा भाऊ साठे यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी सांगली जिल्ह्यातील वाटेगाव येथे झाला. शाळा दीड दिवसातच सुटली. पुढे ते मुंबईला आले व गिरणीत काम करू लागले.

१९४४ साली शाहीर अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक काढले. तमाशाच्या आरंभी गणेशाचे स्तवन असे. अण्णा भाऊंनी तेथे मायभूमीला वंदन केले. वगात राजाराणीऐवजी सावकार, शेतकरी व कामगार आले. ज्याला अक्षर येत नव्हते, त्यालाही आपले हक्क समजू लागले. सरकारला हेच खटकले असावे! तमाशावर बंदी आली. अण्णा भाऊंनी तोच खेळ लोकनाट्य म्हणून उभा केला.

१८ जुलै १९६९ रोजी त्यांचे निधन झाले. पुढच्याच महिन्यात अमर शेखही गेले.