एलिझाबेथ ब्लॅकवेल

एलिझाबेथ ब्लॅकवेल (३ फेब्रुवारी, इ.स. १८२१ - ३१ मे, इ.स. १९१०) या अमेरिकेत वैद्यकीय पदवी मिळविणाऱ्या पहिल्या स्त्री होत. मूळच्या शिक्षिका असलेल्या ब्लॅकवेल वयाच्या चोविसाव्या वर्षाच्या सुमारास वैद्यकाकडे वळल्या.

प्रारंभिक जीवन

त्यांचा जन्म इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे झाला. वडील सॅम्युअल यांचा साखर शुद्धीकरणाचा कारखाना होता. इ.स. १८३२ मध्ये हे कुटुंब अमेरिकेस गेले. इ.स. १८३८ मध्ये सिनसिनाटी येथे आल्यावर काही महिन्यांतच वडील वारले. घरात शिल्लक अशी काही नव्हती. तेव्हा आई व बहिणींसह एलिझाबेथ यांनी मुलींची शाळा काढली. ती बंद पडल्यावर इ.स. १८४४ मध्ये त्यांनी केंटकीतील हेंडरसन येथे शिक्षिकेची नोकरी धरली. तेथील गुलामगिरी सहन न झाल्याने त्या लवकरच परतल्या.

वैद्यकाकडे वळण

शरीर व आजार या विषयांची त्यांना लहानपणापासून घृणा होती. ओढा होता तो इतिहास आणि तत्त्वज्ञानाकडे. एका मरणासन्न मैत्रिणीने, उपचार करणारी स्त्री असती तर आपल्या यातना पुष्कळ कमी झाल्या असत्या, असे त्यांना सांगितले. ही कल्पना त्यांनी प्रथम झटकून टाकली, पण ती मनातून जाईना.

प्रवेशाची पूर्वतयारी

त्या काळी अमेरिकेत विद्यार्थ्याने आधी एखाद्या डॉक्टरच्या हाताखाली अध्ययन करावे आणि मग महाविद्यालयातील व्याख्यानांची दोन सत्रे पूर्ण करावीत, अशी पद्धत होती. ब्लॅकवेल यांनी हीच वाट धरली, मात्र नोकरी सांभाळून. इ.स. १८४५ मध्ये त्या नॉर्थ कॅरोलायनातील अॅशव्हिल येथे जॉन डिक्सन यांच्या घरी राहून शिकवू लागल्या. डिक्सन हे धर्मोपदेशक. पण पूर्वी डॉक्टर असल्याने त्यांच्याकडे वैद्यकीय ग्रंथसंग्रह होता. पुढच्या वर्षी त्या चार्ल्स्टन येथे डिक्सन यांचे बंधू सॅम्युअल यांच्याकडे गेल्या. ते वैद्यकाचे प्राध्यापक होते. तेथे एका निवासी शाळेत संगीत शिकवून त्यांनी शिक्षणासाठी पैसे साठविले आणि उरलेल्या वेळात वैद्यकाचे वाचन केले.

इ.स. १८४७ मध्ये त्या फिलाडेल्फियास आल्या. तेथे त्यांनी शरीररचनाशास्त्राचे खाजगी धडे घेतले व मोठ्या महाविद्यालयांकडे अर्ज केले. सर्वत्र नकार मिळाला. पॅरिसला जावे, पुरुषवेष घ्यावा, असेही सल्ले त्यांना देण्यात आले. वेषांतर त्यांना मान्य नव्हते. प्रवेश मिळवायचा तो उघडपणे, असा त्यांचा निश्चय होता. शेवटी त्यांनी लहान गावांतील महाविद्यालयांकडे अर्ज धाडले.

जिनिव्हा मेडिकल कॉलेज

हे जिनिव्हा स्वित्झर्लंडमधील नव्हे, न्यूयॉर्क राज्यातील गाव आहे. तेथील अध्यापकांना फिलाडेल्फियातील एका डॉक्टरांचे शिफारसपत्र थेट डावलता येईना. त्यांनी निर्णय विद्यार्थ्यांवर सोपविला: एकाचाही विरोध असल्यास प्रवेश नाकारायचा. विद्यार्थ्यांना ही थट्टा वाटली आणि त्यांनी एकमुखाने होकार दिला. चरित्रांत हाच प्रसंग रंगवून सांगितला जातो. परंतु शिफारसपत्र मिळण्याइतकी दोन वर्षांची तयारी पाठीशी नसती, तर मतदानाची वेळच आली नसती, ही गोष्ट त्यात झाकोळून जाते.

नोव्हेंबर १८४७ मध्ये त्या वर्गात दाखल झाल्या. गावातील स्त्रिया त्यांच्याशी बोलण्याचे टाळीत. इ.स. १८४८ च्या उन्हाळ्यात त्यांनी फिलाडेल्फियातील ब्लॉकली अनाथालयाच्या रुग्णालयात काम केले. तेथे जहाजांतून आलेल्या आयरिश स्थलांतरितांमधील टायफस तापाचा अनुभव आला व त्यावरच त्यांनी प्रबंध लिहिला. २३ जानेवारी, इ.स. १८४९ रोजी त्या वर्गात पहिल्या क्रमांकाने पदवीधर झाल्या. पुढे त्यांची धाकटी बहीण एमिली हिला मात्र याच महाविद्यालयाने प्रवेश नाकारला, एमिली इ.स. १८५४ मध्ये क्लीव्हलंड येथून डॉक्टर झाली.

पुढील कार्य

पदवी हाती असूनही पॅरिसच्या ला मातेर्निते प्रसूतिगृहात त्यांना सुईणीच्या प्रशिक्षणार्थींमध्येच जागा मिळाली. नोव्हेंबर १८४९ मध्ये एका बाळाच्या डोळ्यांवर उपचार करताना त्यांना संसर्ग होऊन एक डोळा गेला. शल्यविशारद होण्याचे स्वप्न तेथेच संपले.

इ.स. १८५७ मध्ये एमिली व मारी झाक्रझेव्स्का यांच्यासह त्यांनी न्यूयॉर्क येथे गरीब स्त्रिया व मुलांसाठी रुग्णालय उघडले. इ.स. १८६८ मध्ये त्याला जोडून स्त्रियांचे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तेथे प्रवेशपरीक्षा सक्तीची होती. इ.स. १८६९ मध्ये त्या इंग्लंडला परतल्या. इ.स. १८७४ मध्ये स्थापन झालेल्या लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेन या संस्थेत त्यांनी अध्यापन केले. मुंबईच्या डॉ. रखमाबाई पुढे याच संस्थेत शिकल्या.

लसीकरणाला त्यांचा विरोध होता, आणि जंतुसिद्धान्ताविषयीही त्या साशंक राहिल्या. त्यांचे आत्मचरित्र इ.स. १८९५ मध्ये प्रसिद्ध झाले. हेस्टिंग्ज येथे त्यांचे निधन झाले. दफन स्कॉटलंडमधील किलमन येथे करण्यात आले.