डोंबिवली स्टेशनचं नाव आकड्याला देणारे कापरेकर मास्तर

लोणावळ्याहून मुंबईला निघालेली गाडी घाट उतरते, कर्जत-कल्याण मागं टाकते आणि डोंबिवलीतून पुढं जाते. जुन्या जीआयपी रेल्वेच्या काळात याच स्टेशनला डेमलो म्हणायचे. तिथं एका माणसाच्या डोक्यात आकड्यांची एक कल्पना आली आणि त्यानं त्या आकड्यांचं नावच ठेवलं डेमलो संख्या. तो माणूस म्हणजे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर.

कापरेकरांचा जन्म १९०५ साली डहाणूचा. वडील कारकून. आई लहानपणीच गेली. शाळा ठाण्यात, कॉलेज पुण्यात फर्ग्युसनला. १९२७ मध्ये गणितासाठी रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं. पुढं १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षं नाशिकजवळच्या देवळालीत मास्तरकी केली.

आता त्यांचा आकडा बघा. ११ ला ११ नं गुणलं की १२१. १११ ला १११ नं गुणलं की १२३२१. असं करत नऊ वेळा १ लिहून त्याचा वर्ग केला, तर उत्तर येतं १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंकी! चढ चढावा आणि पलीकडं उतरावं तसा. दहा वेळा १ घेतले की मात्र मधे हातचा येतो आणि घडी मोडते. या मोठ्या आकड्यातले सगळे अंक मिळवले तर बेरीज ८१ होते, आणि ८१ नं त्याला भाग जातो, बाकी शून्य. आपल्या अंकांच्या बेरजेनं भाग जाणाऱ्या संख्यांना कापरेकरांनी हर्षद म्हटलं, म्हणजे आनंद देणारी.

इथल्या बऱ्याच विद्वानांना हा पोरखेळ वाटला. मास्तरांकडं मोठी पदवी नव्हती. कित्येक पुस्तिका त्यांनी पदरमोड करून छापल्या. पेन्शन पुरेना, म्हणून निवृत्तीनंतर शिकवण्या घेतल्या. १९७५ मध्ये अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकन मासिकात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा कुठं जगाला नाव कळलं. वय तोवर सत्तर. १९८६ मध्ये ते गेले.

सगळ्यात गाजला तो त्यांचा ६१७४. १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी तो मांडला. चारही अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या घ्या. अंक उतरत्या क्रमानं लिहा, त्यातून चढत्या क्रमानं लिहिलेले वजा करा. शून्य गाळायचं नाही. उत्तरावर पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येणारच.

लोणावळ्याच्या पिनकोडचे शेवटचे चार अंक, ०४०१, घेऊन बघा. ४१०० मधून ००१४ गेले, ४०८६. पुढं ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि ६१७४. पुऱ्या सात. कामशेतचे ०४०५ पाचांतच पोचतात.